घड्याळ बघायचं, तोंड नाही

आमच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात दोनच गोष्टी साठायच्या. गाडीत विसरलेल्या छत्र्या आणि किस्से! छत्र्या न्यायला लोक निदान परत यायचे. किस्से मात्र तिथंच पडून राहायचे, आणि आता ते सगळे माझ्या वाट्याला आलेत, कारण त्या ऑफिसातली लिहायला रिकामी अशी मीच एकटी उरले आहे.

परवा भाचा घरी आला. एमबीए करतो. परदेशातल्या कुठल्याशा स्वस्त विमान कंपनीवर त्याला प्रोजेक्ट करायचंय. कंपनी वाढली कशी, धोरण काय, माणसं कशी वागतात वगैरे. म्हणाला, "मावशी, काय डोकं लावलंय बघ! सगळी विमानं एकाच मॉडेलची. जेवण नाही, सरबत नाही. विमान उतरलं की झाडायचं आणि लगेच पुन्हा उडवायचं. वेळ पडली तर कुणीही कुठलंही काम करतं!"

मी म्हटलं, "यात नवीन काय? हे आमच्या नानांनी नव्वदच्या दशकात नगरला माळीवाड्याच्या कोपऱ्यावर केलं होतं. फक्त आमचं विमान रस्त्यानं जायचं."

मावशी फेकतेय, असा चेहरा झाला त्याचा. म्हणून हे लिहायला बसले.

* * *

नाना मूळचे पारनेरकडचे. आधी भाजीचा टेम्पो चालवायचे. मग हिंमत करून त्यांनी एक मिनीबस घेतली, नगर ते पुणे. भाडं सगळ्यांत कमी. ती चालली म्हणून दुसरी, मग तिसरी, असं करत मी नोकरीला लागले तोवर चांगला ताफा झाला होता. ऑफिस मात्र पत्र्याचंच.

मी बी.कॉम. फर्स्ट क्लास! सावेडीहून लूनावर इंटरव्ह्यूला गेले. फाईलमध्ये टायपिंगचं सर्टिफिकेट, हस्ताक्षराचं बक्षीस, सगळं लावून नेलेलं. नानांनी फाईल उघडलीसुद्धा नाही.

"झाडू मारता येतो का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. "येतो की," मी म्हणाले.

"मग झालं! मलाबी येतो, भास्करलाबी येतो. बाकीचं काय, शिकता येतं."

भास्कर म्हणजे आमचा पहिला ड्रायव्हर. गाडी पुण्याहून आली की भास्कर टपावरचं सामान उतरवायचा, मी पुढच्या प्रवाशांची तिकिटं बघायची आणि नाना स्वतः झाडू घेऊन आत शिरायचे. चहा होईस्तोवर गाडी पुन्हा तयार! नानांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "उभी गाडी खाती, पळती गाडी खाऊ घालती."

एकदा आमच्या सावेडीचेच एक गृहस्थ वेळेआधी गाडीत जाऊन बसले. नाना सीटखाली वाकून झाडत होते. थोडी धूळ गृहस्थांच्या बुटांवर उडाली. झालं! "डोळे फुटले का रे तुझे? थांब, मालकालाच सांगतो!" ते तरातरा ऑफिसात आले. त्यांच्या मागोमाग नाना आले, हात धुतले, टोपी घातली आणि खुर्चीत बसले.

"बोला साहेब. मीच मालक."

गृहस्थांनी आधी टोपीकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या झाडूकडं.

नाना शांतपणे म्हणाले, "त्या झाडूवाल्याला काढला असता हो, पन मग गाडी कोन झाडनार? तुमी येता का?"

* * *

ऑफिसात एक अवाढव्य घड्याळ होतं. नागापूरच्या एमआयडीसीतलं एक वर्कशॉप बंद पडलं, तेव्हा नानांनी ते भंगारात उचलून आणलेलं. रस्त्यापलीकडूनही वेळ दिसायची. मिनिटकाटा सरकला की टक्क असा आवाज यायचा. त्यामुळे आमच्या कंपनीचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सगळा गाव आम्हाला 'घड्याळवाली गाडी' म्हणायचा.

त्या घड्याळाखाली नानांनी नियम सांगितला होता. लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. "घड्याळ बघायचं, तोंड न्हाई." म्हणजे काटा वेळेवर आला की गाडी सुटली. समोर कोण धावत येतंय, ते बघायचं नाही. गाडी चुकली की तिकीट बाद!

एका पुढाऱ्यानं एकदा पुढच्या सीटचं तिकीट काढलेलं. सकाळी फोन आला, "साहेब निघालेत. पाच मिनिटं थांबा." मी खिडकीतून भास्करला ओरडून सांगितलं. भास्करनं घड्याळाकडं बघितलं आणि गिअर टाकला!

पुढारी जीप घेऊन मागं लागले. केडगावच्या पुढं जीप आडवी घालून त्यांनी गाडी थांबवली आणि लालबुंद होऊन वर चढले.

"मी कोण आहे, माहितेय का?"

"माहिती हाय की," भास्कर म्हणाला. "उशीर झालेले प्याशिंजर. बसा, फुडं गर्दी व्हईल."

भास्करनं त्यांना बसू दिलं, पण तिकीट बाद झालेलं, म्हणून नवीन काढायला लावलं! मी आठवडाभर घाबरून होते, की आता आपल्या पत्र्याच्या ऑफिसावर मोर्चा येतो. मोर्चा आला नाही. पुढारी मात्र त्यानंतर आमच्या स्टँडवर सगळ्यांच्या आधी हजर असायचे, आणि उशिरा येणाऱ्यांना स्वतःच दम द्यायचे.

* * *

नानांच्या सगळ्या गाड्या एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या. एक मेकॅनिक सगळ्या दुरुस्त करू शकायचा आणि एका गाडीचा पार्ट दुसरीला बसायचा. विक्रेते नवीन चकचकीत गाड्यांचे फोटो घेऊन यायचे. नाना फोटो नीट बघायचे, चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे.

या एकसारखेपणानं एकदा घोळ केला. सुप्याच्या हॉटेलात जाणारी आणि येणारी अशा आमच्या दोन्ही गाड्या चहाला थांबायच्या. नेवाशाकडचे एक आजोबा पुण्याला मुलाकडं निघाले होते. सुप्याला उतरले, चहा घेतला आणि परत गाडीत बसून झोपले. कुठल्या गाडीत, ते लक्षात आलंच असेल!

गाडी माळीवाड्यात आली. आजोबा उतरले. इकडंतिकडं बघून माझ्या खिडकीशी आले आणि खूष होऊन म्हणाले, "आवं बाई, पुनं पार नगरसारखं झालं की वो!"

नानांनी पुढं होऊन त्यांना पाणी दिलं, खरं काय ते सांगितलं आणि पुढच्या गाडीत स्वतः हाताला धरून बसवलं. नवं तिकीट घेतलं नाही. मी म्हटलं, "नाना, आता गाड्यांना वेगवेगळे रंग द्या."

"रंगाला खर्च येतो," नाना म्हणाले. "आन् मानूस आपल्या गाडीत येवढा गाढ झोपला, हे चांगलंच हाय की!"

दुसऱ्या दिवसापासून पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या आरशाला लाल चिंधी बांधलेली दिसायला लागली. हीच आमची सुधारणा.

* * *

नाना स्वतः एकदाच विमानात बसले. टायरच्या कंपनीनं गाडीमालकांना दिल्लीला नेलं होतं. ते परत आले त्या दिवशी सगळं ऑफिस त्यांच्याभोवती गोळा झालं. भास्करनं पहिला प्रश्न विचारला.

"नाना, खायला काय दिलं?"

"दिलं हुतं कायतरी डबीत. पोट भरलं न्हाई. आन् त्याचे पैसे तिकिटात धरलेले! आपन न्हाई द्यायचं."

"आनि ढग? ढग कसे दिसत्यात?"

"ढग कोन बघतोय! मी खाली उतरल्यावर मागं वळून बघितलं. आपली मानसं उतरली, झाडूवाले चढले, झाडून उतरले, दुसरी मानसं चढली, विमान गेलं. भास्कर, येवढं मोठं विमान आन् उभं राहिलं किती, तर आपल्या गाडीयेवढंच! बरं वाटलं मला."

एक गोष्ट मात्र नानांना फार आवडली होती. विमान सुटायच्या आधी ती मुलगी उभी राहून सूचना देते, ती. तसं आपणही करायचं! काम अर्थातच भास्करकडं आलं. तो सीटकडं तोंड करून उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला:

"नमस्कार मंडळी. मी भास्कर. आपन पुन्याला निघालोय. खुर्चीला पट्टा न्हाई, म्होरला दांडा धरा. हात भाईर काढू नका, परत मिळनार न्हाई. उलटी हुनार असंल त्यांनी आत्ताच खिडकी गाठा. काय आडचन आली तर दार एकच हाय, मी पयला उतरनार!"

लोक इतके हसले, की काहीजण त्या सूचना ऐकायला म्हणून मुद्दाम भास्करचीच गाडी मागायचे.

* * *

घरच्यांनाही सवलत नव्हती. नानांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो, माहेरी जातानासुद्धा खिडकीवर तिकीट काढायच्या. नाना स्वतः पुण्याला जायचे, तेही तिकीट काढून. मला आधी हे नाटक वाटायचं. मग बघितलं, की मालकच रांगेत उभा आहे म्हटल्यावर फुकट बसायला मागायची कुणाचीच छाती होत नाही.

जावई मात्र जावई! सासऱ्याची गाडी आपल्यासाठी थांबेल, या भरवशावर ते आरामात रिक्षानं आले. गाडी त्यांच्यासमोरून निघून गेली. भास्करनं हात केला, पण तो टाटा करायला! जावई रुसून घरी गेले. बोलणं बंद झालं. आक्कांनी नानांना धारेवर धरलं.

त्या वर्षी अधिक महिना आला. जावयाला वाण द्यायचं, मानपान करायचा. आक्कांनी अनारसे केले, नवीन कपडे आणले. "तुम्ही काय देताय?" त्यांनी नानांना विचारलं. "जपून द्या. आधीच रुसलाय पोरगा."

नानांनी अनारशांच्या ताटात डबी ठेवली. जावयांनी मोठ्या उत्सुकतेनं उघडली.

आत मनगटी घड्याळ होतं!

* * *

मग एका शेठच्या गाड्या आल्या. पुण्याचा मोठा माणूस. एसी, व्हिडिओ, प्रत्येकाला पाण्याची बाटली. आमच्या प्रवाशांतले काही तिकडं गेले. शेठच्या माणसानं भास्करला चहाला बोलावलं आणि जास्त पगार देऊ केला. युनिफॉर्म, वर टोपी! भास्कर नाही म्हणाला.

मी त्याला वेड्यात काढलं. "भास्कर, घरी दोन मुली शिकतायत तुमच्या. निदान विचार तरी करायचा!"

तो गाडीची काच पुसत होता. पुसता पुसताच बोलला.

"मॅडम, मी आधी एका मालकाची जीप चालवायचो, आमच्याच गावाकडं. ती जीप सगळ्यांसाठी थांबायची. पाटलांसाठी थांबायची, गुरुजींसाठी थांबायची. एक दिवस माझा बाप हात करत पळत आला. डोक्यावर वझं. तालुक्याला दवाखान्यात जायचं हुतं त्याला. मालक शेजारी बसलेला. त्यानं बघितलं कोन हाय ते, म्हनाला, चल, जागा न्हाई. जागा हुती, मॅडम. आन् मी चालवली गाडी. माझा बाप आरशात बारीक बारीक हुत गेला."

त्यानं फडकं झटकलं आणि पुन्हा काचेवर फिरवलं.

"नानांचं घड्याळ लई चांगलं हाय," भास्कर म्हणाला. "त्याला तोंड कळत न्हाई, आडनाव कळत न्हाई. हितं पुढाऱ्याला आन् माझ्या बापाला एकाच टायमाला सात वाजत्यात. मला दुसरीकडं कुठं जायचं न्हाई."

नंतर मी पहिल्यांदा त्या भंगारातल्या घड्याळाकडं नीट बघितलं. तोवर मी ते नुसतं पुसत होते.

* * *

आता शेवटचा. याचा कुणाकुणाला अजून उलगडा झालेला नाही, मलाही नाही.

नाना थकले होते. गुडघे दुखायचे, झाडायला वाकता यायचं नाही. तेव्हाच शेठनं निरोप धाडला, की सगळ्या गाड्या विकत घेतो, घड्याळवालीच्या जागेसकट. नानांनी आम्हाला लपवाछपवी न करता ऑफिसात बोलावलं आणि सांगून टाकलं.

"शेठ गाड्या घेनार, मानसं न्हाई. ड्रायव्हर त्याचे त्यो आननार. खिडकीवरबी त्याचंच मानूस बसनार. मी त्याला लई इनवलं, आयकत न्हाई." मग ते भास्करकडं बघत म्हणाले, "आन् टोपीवाली नोकरी तुला आता देनार न्हाई म्हनतोय. तू नको म्हनलास त्याचा राग धरलाय."

भास्कर फक्त म्हणाला, "तुमी कष्ट लई केले, नाना. तुमाला पटंल तसं करा." मला राग आला होता, रडू येत होतं, आणि नानांचे सुजलेले गुडघेही दिसत होते. कुणाची बाजू घ्यावी?

सह्या पुण्याला शेठच्या ऑफिसात व्हायच्या होत्या. शेठला त्याच दिवशी विमानानं परदेशी जायचं होतं. त्यानं बजावलं होतं, "मी विमानतळाकडे निघायच्या आत या. नंतर हा सौदा नाही, मी दुसऱ्याच्या गाड्या घेतो." सातची गाडी पकडली तर नाना वेळेत पोचणार होते. आठची पकडली तर शेठ गेलेला असणार होता.

त्या दिवशी नाना नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी आले. कडक इस्त्रीचा सदरा, काखेत कागदांची पिशवी. माझ्याकडून सातच्या गाडीचं तिकीट घेतलं. पुढची सीट. गाडी भास्करची होती. मग नाना रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेले आणि चहा सांगून बाकावर बसले.

गाडी भरली. भास्करनं त्या दिवशी सूचना दिल्या नाहीत. पुढची सीट तेवढी रिकामी. मी खिडकीतून हात करत होते, "नाना, चला!" नाना बशीत चहा ओतत होते.

सात वाजले. टक्क!

गाडी हलली नाही. मी खिडकीतून वाकून बघितलं. भास्करचा हात किल्लीवर होता, पण तो घड्याळाकडं बघतच नव्हता. तो नानांकडं बघत होता. ज्या गाडीतून मालक त्याची नोकरी विकायला निघाला होता, ती गाडी भास्करनं मालकासाठी थांबवून धरली होती! मागून एक प्रवासी ओरडला, "अहो, सात वाजून गेले की! घड्याळवाली ना ही?"

काटा पुन्हा सरकला. टक्क! एवढ्या वर्षांत सातची गाडी सात वाजून गेल्यावर उभी असलेली मी पहिल्यांदा बघितली.

नानांनी बशी खाली ठेवली. धोतरानं तोंड पुसलं. आणि रस्त्यापलीकडून असा आवाज टाकला, की टपरीवरची माणसं दचकली.

"भास्कर! घड्याळ बघ की! माझं तोंड काय बघतो?"

भास्करनं किल्ली फिरवली. गाडी निघाली. वळणावर आरशाची लाल चिंधी तेवढी दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.

नाना सावकाश रस्ता ओलांडून माझ्या खिडकीशी आले. मी घाईघाईनं म्हटलं, "नाना, जीप सांगू का? अजून गाठाल शेठला!"

"जीप?" नाना माझ्याकडं बघतच राहिले. "शुभाताई, सोताच्या गाड्या असताना जीपचा खर्च?"

त्यांनी खिशातून तिकीट काढून खिडकीतून आत सरकवलं. मी ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि जमेल तेवढ्या कोरड्या आवाजात म्हणाले, "गाडी चुकली की तिकीट बाद. नियम आहे."

"बराबर हाय," नाना म्हणाले.

त्यांनी कागदांची पिशवी माझ्या टेबलाखाली ढकलली, इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि कोपऱ्यातला झाडू उचलला.

"आठची कुठली हाय?"